सोलरचा उद्याचा अंदाज बघून रात्री बॅटरी किती वापरू द्यावी? (होम असिस्टंट, नाशिक)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकला घराच्या गच्चीवर ५५० वॅटची ६ पॅनेल्स आहेत, तोंड दक्षिणेला, कल १५ अंश. ३ किलोवॅटचा हायब्रिड (पॅनेल्स, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर, ५ युनिटची लिथियम बॅटरी आणि नेट मीटर. होम असिस्टंटला (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) फोरकास्ट डॉट सोलर ही सोलर उत्पादनाचा अंदाज देणारी सेवा जोडलीय. एनर्जी डॅशबोर्डवर त्याची तुटक रेषा दिसते, पण सकाळी १० पर्यंत आमचं प्रत्यक्ष उत्पादन तिच्या निम्म्यावरही जात नाही. दुपारी मात्र व्यवस्थित जुळतं. हे जूनपासून सुरू झालंय, आधी नव्हतं.

मूळ प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात रात्रीची वीज जाते आणि वडिलांना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) लागतं. ते बंद पडून चालणारच नाही. म्हणून बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. पण मग एवढी बॅटरी घेऊन रोज जेमतेम एक युनिट वापरलं जातं. उद्या ऊन किती मिळणार हे बघून आज रात्रीची मर्यादा आपोआप ठरवता येईल का? आणि गिझर (१५ लिटर, २ किलोवॅट) व पाण्याची मोटरही अंदाजावर चालवावी का?

पॅनेलपुराण

नेट मीटर आहे ना, मग ग्रिडला दिलेलं युनिट बिलात वळतं होतंच. पैशासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. मर्यादा ५० टक्के ठेवा आणि निवांत राहा.

कोल्हापूरची अनु

पैशाचं वरती सांगितलंय ते बरोबर आहे, पण इथे प्रश्न वडिलांच्या झोपेचा आहे, आणि त्यासाठी अंदाज खरोखर कामाला येतो. आमच्याकडे सासूबाईंसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असायचा, त्यामुळे ही काळजी मला नीट कळते. त्यासाठी अंदाजावर चालणारं जे बसवलं, ते सगळं अजून तसंच चालू आहे.

आधी सकाळचा घोळ. तुमच्या पॅनेल्सच्या ईशान्येला जिन्याची खोली किंवा टाकी आहे का बघा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो, आणि मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीसुद्धा तो माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ईशान्येकडच्या भिंतीची सावली सकाळी थेट दक्षिणेकडच्या पॅनेल्सवर. हिवाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला ही सावली दिसतच नाही, कारण तेव्हा ती उलट्या बाजूला पडते. फोरकास्ट डॉट सोलरला तुमचा कल आणि दिशा माहीत आहे, जिन्याची खोली माहीत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये सकाळचं आणि संध्याकाळचं डॅम्पिंग (अंदाज कमी करणारा आकडा) वेगवेगळं देता येतं, पण सावली महिन्यागणिक सरकते, त्यामुळे एकच आकडा वर्षभर टिकत नाही. मी तासागणिक गुणोत्तर काढते: गेल्या पंधरवड्यात त्या तासाचं प्रत्यक्ष उत्पादन भागिले त्याच तासाचा अंदाज. पुढच्या अंदाजाला त्याने गुणायचं.

यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. वीज गेलेले तास या हिशोबातून वगळा. ग्रिड नसताना बॅटरी भरली की इन्व्हर्टर पॅनेल्सना दाबून धरतो, घरात लागेल तेवढंच बनवतो. कडक ऊन असूनही आकडा ४०० वॅट दिसतो. असे तास आत राहिले तर तुमची प्रणाली शिकेल की दुपारी ऊन नसतंच.

आता रात्रीचं. यासाठी मी सोलकास्ट ही दुसरी अंदाज-सेवा वापरते. घरगुती मोफत खात्याला दिवसाला १० वेळाच माहिती मागता येते, तेवढी पुरते. जोडताना दिशेचा आकडा तपासून घ्या: होम असिस्टंटच्या फोरकास्ट डॉट सोलरमध्ये पूर्व ९० आणि पश्चिम २७०, तर सोलकास्टमध्ये पूर्व उणे ९० आणि पश्चिम अधिक ९०. तुमचं तोंड दक्षिणेला, म्हणून दोन्हीकडे १८०च.

सोलकास्ट तीन आकडे देतं: मधला, १० टक्क्यांचा आणि ९० टक्क्यांचा. १० टक्क्यांचा म्हणजे अशा दहा दिवसांपैकी नऊ दिवस याहून जास्तच मिळेल असा आकडा. पावसाळ्यात मी फक्त तोच धरते. मधल्या आकड्यावर वडिलांचं मशीन टांगू नका.

नियम एवढाच, की उद्या सूर्य जेवढं भरून देईल तेवढंच आज रात्री खर्च करायचं. समजा रात्री ९ वाजता उद्याचा १० टक्क्यांचा आकडा ७ युनिट आहे आणि तुमच्या घराला दिवसभरात ४ लागतात. उरले ३, त्यातून भरताना-काढताना जाणारे थोडे वजा करून अडीच धरा. अडीच म्हणजे तुमच्या बॅटरीचे ५० टक्के. बॅटरी ९५ वर असेल तर मर्यादा ४५. उद्याचा आकडा ४ च्या खाली असेल तर आज काहीच खर्चायचं नाही, आहे तिथेच थांबवायचं. आणि अंदाज कितीही उत्तम असो, ३५ च्या खाली कधीच नाही. ही मर्यादा इन्व्हर्टरला मॉडबसवरून (इन्व्हर्टरशी माहितीची देवाणघेवाण करायची पद्धत) रात्री एकदाच लिहा. दर मिनिटाला लिहिणारी ऑटोमेशन्स मी पाहिली आहेत. काही इन्व्हर्टरच्या मेमरीला ते सोसत नाही.

गिझर आणि मोटरचं उत्तर वेगळं. यंत्र आत्ता चालू करायचं की नाही हे अंदाजाला विचारूच नका, मीटरला विचारा. ढग येतात-जातात, अर्ध्या तासाच्या सरासरीला ते दिसत नाहीत. ग्रिडकडे जाणारी वीज सलग ५ मिनिटं मोटरच्या गरजेहून जास्त असेल तर मोटर चालू, आणि एकदा चालू झाली की किमान १० मिनिटं बंद करायची नाही. मोटरला कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा स्विच) लावा, साध्या स्मार्ट प्लगवर सुरुवातीचा करंट झेपत नाही. अंदाज इथे एकाच ठिकाणी कामाचा: सकाळी १० वाजता टाकी अर्ध्याखाली असेल आणि ‘आज उरलेलं उत्पादन’ कमी दिसत असेल, तर चांगल्या उन्हाची वाट न बघता लगेच भरून घ्या. टाकी उजेडी भरलेली असली की रात्री वीज गेल्यावर मोटर बॅटरीवर लावायची पाळी येत नाही.

सकाळी ७ च्या आंघोळीचा गिझर आहे तसाच राहू द्या. १५ लिटर पाणी ३५ अंश तापवायला ०.६ युनिटच्या आसपास लागतं. फक्त तो इन्व्हर्टरच्या बॅकअप लाइनवर (वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारी लाइन) नाही ना, तेवढं वायरमनकडून तपासून घ्या.

गंगापूररोडकर

अनुताई, मनापासून आभार. ईशान्येला जिन्याची खोली आहे आणि तिच्यावर टाकी! सकाळी ९ वाजता वर जाऊन पाहिलं, सहापैकी दोन पॅनेल्स निम्मी सावलीत होती. गुणोत्तराचं आजच सुरू करतो. गिझर बॅकअपवर नाही. एकच शंका: रात्री ९ वाजता इंटरनेटच नसेल तर?

पॅनेलपुराण

वडिलांच्या मशीनचं कारण असेल तर माझा सल्ला मागे घेतो. ५० टक्के सरसकट ठेवणं सलग पावसात धोक्याचंच आहे.

कोल्हापूरची अनु

इंटरनेट गेलं तरी सेन्सरवर जुनाच आकडा बसून राहू शकतो आणि ऑटोमेशन त्यालाच ताजा समजतं. म्हणून आकड्यासोबत तो शेवटचा कधी आला ती वेळही तपासा. ६ तासांहून जुना असेल किंवा ‘अनुपलब्ध’ दिसत असेल तर मर्यादा सरळ ८० वर न्या, म्हणजे तुम्ही आज ठेवता तीच. राउटर आणि होम असिस्टंटचा पीसी दोन्ही बॅकअप लाइनवर घ्या. मर्यादा लिहून झाल्यावर ती इन्व्हर्टरकडून परत वाचा, आणि जुळली नाही तर तुमच्या फोनवर सूचना येऊ द्या, ९ वाजताच, वडील झोपायच्या आधी.