बाळाचं डोकं वर आहे म्हणाले... नवव्या महिन्यातले तुमचे अनुभव सांगा

सेलूची लेक
काल रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. बोलेचना, नुसते हुंदके. ३५वा आठवडा चालू आहे आणि सोनोग्राफीत बाळाचं डोकं वर. "ताई, माझंच काही चुकलं का गं? मी वाकून झाडलं, जिना चढले..." फोन ठेवला आणि अंधारात माझा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला. तेरा वर्षं झाली, तरी बरोबर त्याच जागी.

२०१२चा मे, परभणीचं ऊन. डॉक्टर मॅडमनी माझाच हात धरून तिथं ठेवला. म्हणाल्या, "हे डोकं." कवठासारखं गोल, टणक. बोटानं हळूच ढकललं की सरकायचं अन् परत जागेवर यायचं. त्यांनी सांगितलं, २८व्या आठवड्यात चार-पाच जणींत एकीचं बाळ असं असतं, बहुतेक पुढं आपोआप फिरतात, दिवस भरताना शंभरात तीन-चारच राहतात. मी त्या तीन-चारांतली. आत्याबाईंनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण शेजारच्या बायका आल्या की "पायाळू" हा शब्द स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. ३९व्या आठवड्यात सिझर झालं. पोरगी आठवडाभर दोन्ही पाय कानाशी नेऊन झोपायची, दुपट्यात गुंडाळताच यायची नाही.

तेव्हा मला बोलायला कुणी नव्हतं. बाळ उलटं, आडवं, पाणी कमी, शुगर, बीपी, जे काय जिवाला लागलं होतं ते लिहा. बहिणीला वाचून दाखवणार आहे.

औशाची सून
आधी तिला सांग बाई, तुझं काही चुकलं नाही. झाडल्यानं बाळ उलटं होत नसतं.

माझं बाळ सरळ होतं पण पोटात बाळाभोवतीचं पाणी कमी. एप्रिल २०१६, लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी पी, डाव्या कुशीवर पड. बाहेर पडले अन् रडूच आलं. घरात आठ दिवसांनी टँकर, दोन टाक्या, सात माणसं. सासऱ्यांनी त्या दिवसापासून माझा तांब्या वेगळा केला. मातीच्या डेऱ्यातलं पाणी गाळून, उकळून, स्वतः भरून उशाला ठेवायचे. स्वतः अंघोळ एक दिवसाआड. कधी बोलले नाहीत. आठ दिवसांनी सोनोग्राफीत पोटातलं पाणी ६ सेंटीमीटरवरून ९ वर. मामा गेले मागच्या वर्षी. तांब्या अजून माझ्याकडंच आहे.

केजची मास्तरीण
वाचून डोळे भरले गं औशाची सून.

मी स्वतः पायाळू. माय ऊसतोडीला गेली होती, तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झाले मी. सोबतच्या एका म्हातारीनं सोडवलं. माय सांगते, आधी एक पाय आला अन् म्हातारी "जोर लावू नको, लावू नको" करत बसली. जगलो दोघी, पण नशिबानं. माझ्या दोन्ही बाळंतपणांना मायनंच हट्टानं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

बाकी आमच्याकडं पायाळूचं लई कौतुक. कुणाची कंबर धरली की पोरं मला बोलवायला यायची, लाथ मारून उसण काढायला. अन् आभाळात गडगडलं की माय मला घरात ओढायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. वीज काही जन्म बघून पडत नाही, पण मृगात आपल्याकडं उघड्या रानात थांबूच नये, कुणीच.

वसमतची
उसण काढायला मी पण जायचे 😀 पाच रुपये अन् नारळ.

नर्सबाई, हिंगोलीकडची
ड्युटी संपून लिहितेय, चुकलं माकलं सांभाळा.

बहिणीला एक गोष्ट पक्की सांगा. बाळ उलटं असताना पाणी गेलं तर "कळा सुरू होऊ दे मग बघू" करायचं नाही. पाय खाली असला की नाळ आधी घसरून बाहेर येऊ शकते. मग एकेक मिनिट मोलाचं. तसं काही हाताला लागलं तर हात लावू नका, आत ढकलू नका, गुडघ्यावर ओणवं करून ढुंगण वर ठेवा आणि १०८ लावा. गाव लांब असेल तर नववा लागल्यावर दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडं जाऊन राहिलेलं बरं. पाटोदा झालं, सेनगाव झालं, ओढ्याला पूर आला की रस्ता बंद.

अन् पोट चोळून घेऊ नका. कुणी कितीही जाणती बाई असो.

तुळजाईची सुमी
चोळण्याचं मी सांगते. ३६वा होता. मामेसासूनं एका बाईला घरी आणलं, तिनं एरंडेल लावून दोन्ही हातांनी असं रगडलं की मी ओरडले. रात्री अंगावर लाल गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळाचे ठोके ऐकायला मिळतील का नाही, एवढंच डोक्यात. वार थोडी सुटली होती. लगेच सिझर. मुलगा २ किलो १००, नऊ दिवस काचेत. आता सहावीत आहे, धडधाकट. पण मी त्या बाईला नाही, स्वतःला विचारते, नको म्हणायचं धाडस तेव्हा का झालं नाही.

सेलूची लेक
सुमी, एकवीस-बावीस वर्षांची असशील तेव्हा. घरात सगळे मोठे. कुठून येणार धाडस. स्वतःला बोल लावू नकोस.

संभाजीनगरहून
डॉक्टर फिरवतात ते वेगळं हो, घाबरू नका. माझं दुसऱ्या वेळी ३७व्या आठवड्यात फिरवलं. आधी सोनोग्राफी, वार कुठं आहे, पाणी किती आहे ते बघितलं, गर्भपिशवी सैल पडायला इंजेक्शन, पोटावर जेल. एक हात बाळाच्या बुडाशी, एक डोक्याशी, कोलांटी द्यावी तसं. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण चार-पाच मिनिटं. मध्ये मध्ये ठोके ऐकत होते आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं होतं. निम्म्या जणींचं फिरतं म्हणाले, पहिलटकरणीचं त्याहून कमी. माझं फिरलं, नॉर्मल झालं. जाऊबाईंचं नाही फिरलं, सिझर झालं. दोन्ही पोरं एका अंगणात खेळतात. ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांनी फिरवण्याआधी डॉक्टरांना आठवण करायची, नंतर इंजेक्शन लागतं.

नवा बाप
मध्येच विचारतो, माफ करा. बायकोला ३६वा आहे. बाळ सरळ आहे. पण तीन रात्री झोप नाही, तळहात अन् तळपाय लई खाजायलेत. पुरळ काही नाही. आई म्हणते उष्णता आहे, सब्जा दे.

नर्सबाई, हिंगोलीकडची
दादा सब्जा राहू द्या. आजच्या आज दाखवा, उद्यावर ढकलू नका. रक्तात लिव्हरची आणि पित्ताची (बाइल ॲसिडची, ॲसिडिटीची नव्हे) तपासणी करायला सांगा. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का विचारा तिला. डाव्या कुशीवर पडून मोजायची, दोन तासांत दहा तरी.

नवा बाप
निघालो.

गंगाखेडची वहिनी
माझी चिंता ग्रहणाची होती. २१ जून २०२०, रविवार, लॉकडाऊन, मला नववा आणि शुगर. सकाळी दहापासून दुपारी दीडपर्यंत खायचं नाही, हलायचं नाही, चिरायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. अकरा वाजता मला घाम सुटला, हात थरथरायला लागले. नवऱ्यानं दार लावलं, भाकरीचा तुकडा अन् वाटीभर दही माझ्या हातात दिलं. म्हणाला, "पाप लागलं तर मला लागंल." ओठ, टाळू सगळं नीट आहे माझ्या पोरीचं. ओठ तर दिवस जाऊन तिसरा महिना संपायच्या आतच तयार झालेले असतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

वसमतची
भाकरी अन् दही 🙏 असा नवरा सगळ्यांना मिळो.
कुणाकडं डिंकाच्या लाडवाचं नीट प्रमाण आहे का? आमच्या सुनेचं पुढल्या महिन्यात आहे. गोडंबी आमच्याकडं मिळंना झाली.

केजची मास्तरीण
लाडू सिझरवाल्यांनी पण खाल्ले तर चालतात, आमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. प्रमाण मायला विचारून टाकते.

सेलूची लेक, बाळ पायाळू राहिलं तर सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. उलट्या बाळांचा खुबा कधी कधी सैल असतो, लवकर कळलं तर पट्ट्यावर भागतं. माझं कुणी बघितलं नाही, म्हणून मी अजून थोडी लंगडते.

नवा बाप
रिपोर्ट आला. पित्ताचं वाढलंय. गोळ्या सुरू केल्यात, दर दोन दिवसांनी ठोके बघायला बोलावलंय, ३७व्यात ॲडमिट. नर्सताई, तुमच्या पाया पडतो.

सेलूची लेक
सगळं वाचून दाखवलं तिला. औशाच्या तांब्याला रडली, भाकरी-दह्याला पहिल्यांदा हसली. परवा तपासणी होती. बाळ अजून तसंच, बुड खाली. फिरवायचं का ते ३७व्यात ठरवू म्हणाल्या मॅडम. मी रविवारी तिला इकडं परभणीला घेऊन येतेय, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. मायची दोन जुनी मऊ लुगडी धुऊन वाळत घातलीत.