उत्तर: महिला दिन, लोरेटा लिनची १२ मिनिटं

सचिव:
मंडळी, अमेरिकेतल्या कंट्री संगीताची गायिका लोरेटा लिन हिच्यावरचं सादरीकरण काल घड्याळ लावून मोजलं, १९ मिनिटं झाली. १२ च्या वर जाता येणार नाही. हॉल ९ ला सोडायचाय. 'द पिल' या गर्भनिरोधक गोळीवरच्या गाण्याचा भाग काढला तर बसतं. पुढे लहान मुलंही असतात. आज रात्रीपर्यंत कळवा.

महिला दिन समिती:
निवेदन समितीचं आहे, कात्रीही समितीच लावेल. पुरस्कार कापा, तिच्यावरचा सिनेमा कापा, हे गाणं नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालेली, सहा मुलांची आई १९७५ साली नवऱ्याला गाण्यातून ठणकावते की आता गोळी आलीय, दरवर्षी पाळणा हलणार नाही. कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावलं नाही, तरी कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ते वगळून तिच्याबद्दल सांगायचं काय? मुलांना काही कळलं तर बरंच आहे.

काकू:
आमच्या आईनं आठ बाळंतपणं काढली. पहाटे जात्यावर बसली की ओवीतून सासूला, नवऱ्याला, कुणाला सोडायची नाही. वडील पडवीत जागे असायचे, सगळं ऐकायचे, चकार शब्द काढायचे नाहीत. पण ते आमच्या घरातच राहिलं. हिनं स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढली. गाणं ठेवाच. आधी एक ओवी मी म्हणते, २ मिनिटं.

सचिव:
काकू, २ मिनिटं आणू कुठून?

ध्वनिव्यवस्था:
ओवीला हातातला माइक देतो, पेटीचा मागू नका. आणि लोरेटाच्या वडिलांचा भाग कापू नका. आमचे बाबा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत होते. इथे अमेरिकेत आले तेव्हा त्यांना टेनेसीतल्या हरिकेन मिल्सला, लोरेटाच्या गावी नेलं. तिथे तिच्या केंटकीतल्या घराची प्रतिकृती आहे. वडील खाणकामगार, १९५९ मध्ये गेले, हिची पहिली रेकॉर्ड १९६० ची, एवढंच मी सांगितलं. बाबा दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "खोकला होता का त्याला?" होता, कोळशाच्या धुळीचाच आजार. बाबांचे रुमाल आई वेगळ्या बादलीत धुवायची.

भोजन समिती:
जेवण ७:१५ लाच, ते हलणार नाही. मसालेभात परत गरम करायला तिथे सोय नाही. लोरेटाला नवऱ्यानं १७ डॉलरची गिटार आणून दिली, तो प्रसंग आहे ना? लेकीनं त्यासाठी तशीच हार्मनी कंपनीची जुनी गिटार मागून आणलीय.

महिला दिन समिती:
गिटार आहे, वडील आहेत, गाणं आहे. कंट्री म्युझिक असोसिएशनचा १९७२ चा 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार एका ओळीत घेतला, कारण तो मिळवणारी ती पहिली बाई. सिनेमा काढला. काकूंच्या ओवीसकट १५ मिनिटं होतात. अध्यक्ष, तुमच्या प्रास्ताविकातली ३ मिनिटं द्याल का? आजच कळवा, पत्रिका उद्या छापायला जातेय.