पाच हजारांत स्वयंपाकघरासाठी काय घ्यावं?

नवी_चूल: दोघांचं घर, दोन शेगड्यांचा गॅस, ओटा छोटा. कुकर-मिक्सर आहेत. नॉनस्टिकवर घावनाला जाळी पडत नाही आणि स्टीलच्या कढईत रस्सा खाली लागतो. एअर फ्रायर, रोटीमेकर, चॉपर की आणखी काही?

कालथा: तिन्ही राहू द्या. आधी बिडाचा तवा, १० इंची, साधारण दोन किलोचा. बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे गार पीठ ओतलं तरी तवा निवत नाही. पिठातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि जाळी पडते. पातळ नॉनस्टिक पीठ पडताच निवतो, आणि तो फार तापवूही नये. साधारण २६० अंशांपुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो.

तवा तयार करताना साबणाने घासा, लगेच गॅसवर कोरडा करा. कोमट असताना जवसाचं किंवा शेंगदाण्याचं अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना चोळा आणि मग चुकून सांडल्यासारखं सगळं पुसून काढा. लोक नेमकं हेच करत नाहीत. मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवा, गार करा. असं चार वेळा. तवा चिकट झाला तर तेल जास्त राहिलंय. गरम पाण्याने घासून पुन्हा तापवा. रात्रभर पाण्यात घालून ठेवलात तर सकाळी गंज.

नवी_चूल: बिडाचा तवा घरात पडून आहे! पण त्यावर पीठ ओतलं की पसरतच नाही, उलथन्याला गोळा येतो.

कालथा: मग तवा जास्त तापलाय. पाण्याचा शिपका मारून पुसा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा. पीठ ताकाइतकं पातळ हवं, प्रत्येक वेळी तळापासून ढवळून घ्या, कारण पिठी खाली बसते. कडेकडून आत ओता, झाकण ठेवा. कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

आमसूल: कालथाताईंच्या तव्याला हरकत नाही, पण रस्सा बिडात नको. चिंच, कोकम, टोमॅटो बिडावरचा तेलाचा लेप खातात, आमटी काळपट होते आणि लोखंडाची चव येते. रश्श्याला ट्रायप्लाय कढई, २४ सेंमी. साध्या स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही, म्हणून ज्वाळेच्या वर्तुळावरच लागतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, ते पसरवतं. घेताना थर काठापर्यंत आहेत ना, ते विचारा. नुसतं बूड जाड असेल तर मोठ्या आचेवर बुडाच्या वरची कड करपते. तापल्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला की तेल घाला. त्याआधी कांदा टाकलात तर चिकटणारच.

पिठीसाखर: उरलेल्या पैशांत १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. वाटी दाबून भरली की सैल, एवढ्यावर मोदकाची उकड बिघडते. जमलेल्या उकडीच्या पिठीचं आणि पाण्याचं वजन एकदा लिहून ठेवा. पिठी जुनी-नवी बदलली की पाणी थोडं बदलावं लागतं, ते मात्र हातानेच कळतं.

आमसूल: आणि कुकरच्या कडेने वाफ जात असेल तर आधी रिंग बदला. शिट्टी होत नाही, पाणी आटतं, डाळ खाली लागते आणि दोष डाळीला.

नवी_चूल: कडेने वाफ जातेच आहे. रिंग आजच आणते.