ऑटो हेडलाईट भर दुपारी लागून राहिले, सेन्सिटिव्हिटी कमी करता येते का?

खामला_टू_मिहान
नमस्कार मंडळी. नवीन एसयूव्ही घेतली, त्यात हेडलाईट ऑटोवर ठेवतो. प्रॉब्लेम असा की छत्रपती चौकातून एअरपोर्टकडे जाताना डबलडेकर पुलाच्या सावलीत गाडी शिरली की भर दुपारी हेडलाईट लागते, बाहेर उन्हात आलो की थोडा वेळ तशीच राहते मग बंद, पुढे परत सावली आली की परत चालू. सिव्हिल लाईन्सच्या झाडांखाली पण तेच. समोरून येणारा प्रत्येक स्कूटरवाला हाताची बोटं उघडझाप करून सांगते, भाऊ लाईट चालू आहे. हे एक वेळ चालते, पण लाईट लागली की स्क्रीन पण नाईट मोडमध्ये जाते आणि मॅप दिसतच नाही, त्याचा जास्त ताप आहे. शोरूमवाला म्हणते गाडीत असं सेटिंगच नाही. खरंच नाही का सांगून राहिला तसंच?

गोकुळपेठ_गॅरेज
आधी बाहेरचा उजेड मोजणारा सेन्सर कुठे आहे ते पाहा भाऊ, त्याच्यावरूनच ऑटो लाईट लागते. दोनच जागा असतात, एक तर डॅशबोर्डवर काचेजवळ छोटी काळी टिकली, नाहीतर आरशाच्या मागे काचेला चिकटलेला डबा, त्यात पावसाचा सेन्सर पण असते. गाडी उन्हात उभी करून ऑटोवर ठेवा आणि त्या टिकलीवर जाड फडकं टाका, लाईट लागली म्हणजे तोच सेन्सर. मग त्याच्यावर काय आलं आहे ते तपासा. आपल्याकडे डॅशबोर्डवर मॅट असते, त्यावर कोराडीची देवी, बाजूला परफ्यूमची बाटली, पार्किंगची पावती, सगळं तिथंच. आणि फास्टॅग! तो आरशाच्या मागेच लावतात, चिकटवणाऱ्याने बरोब्बर सेन्सरवर लावलेला असला तर गाडीला कायमच संध्याकाळ वाटते.

सावजी_स्पेशल
कायले एवढी भानगड, सेन्सरवर अर्धा टेप मारून द्या ना. यूट्यूबवर दाखवतात.

नट_बोल्ट_नागपूर
टेपवाले भाऊ, उलटं होईल बे. टेप मारला की सेन्सरला उजेड अजून कमी मिळेल आणि लाईट आणखी लवकर लागेल. ज्याची लाईट संध्याकाळी उशिरा लागते त्याच्यासाठी तो जुगाड आहे. यांची लवकर लागून राहिली, यांना सेन्सरला जास्त उजेड द्यावा लागेल आणि तो चिकटवून देता येत नाही.

आता सावलीतून बाहेर आल्यावर लाईट लगेच काहून बंद होत नाही ते सांगतो, तो फॉल्ट नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असते. लागायची आणि विझायची पातळी वेगळी असते, नाहीतर झाडांखालून जाताना डिस्को होईल. गाडीच्या दिव्यांसाठी यूएनचा आर ४८ म्हणून नियम आहे, त्यात उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खाली गेला की २ सेकंदात लाईट लागली पाहिजे, आणि ७००० लक्सच्या वर गेल्यावर ५ ते ३०० सेकंदांच्या आत बंद व्हावी. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीवर सोडलं आहे, म्हणून एकाच पुलाखाली एकाची लाईट लागते आणि शेजारच्याची नाही. दुपारचं ऊन लाखभर लक्स असते, त्यामुळे सावलीत शिरल्यावर सेन्सरला फरक फार मोठा वाटते.

सेटिंगचं म्हणाल तर गाडीगाडीवर आहे. होंडाच्या काही गाड्यांत मेनूत मॅक्स, हाय, मिड, लो, मिन अशा पाच पायऱ्या मिळतात. फोक्सवॅगनच्या काही मॉडेलमध्ये लवकर, मध्यम, उशिरा असं असते. टोयोटात -२ ते +२ अशी पातळी असते, पण काही मॉडेलमध्ये ती सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर लावूनच बदलते, तुम्ही स्क्रीनवर कितीही शोधा, दिसणार नाही. म्हणून शोरूमच्या सेल्सवाल्याला विचारू नका, वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

खामला_टू_मिहान
फडक्याची टेस्ट केली, सेन्सर डॅशबोर्डवरच आहे आणि त्यावर काहीच नाही. स्क्रीनच्या मेनूत लाईटमध्ये फक्त गाडी बंद केल्यावर लाईट किती वेळ चालू राहावी तेवढंच दिसते.

धरमपेठवाली
तुमचा खरा ताप मॅपचा आहे ना दादा, मग तो आधी सोडवा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ऑटो, डे, नाईट असं पाहा आणि डे करून टाका. फोन जोडून मॅप लावत असाल तर मॅपच्या ॲपमध्ये पण रंग वेगळा ठरवता येतो, तिथेही डे. आणि मीटरचा ब्राईटनेस कमीजास्त करायचं बटण असते, माझ्या गाडीत ते पूर्ण वर नेलं की लाईट लागली तरी मीटर मंद होत नाही. रात्री मात्र ते परत खाली आणायचं, नाहीतर डोळ्यात जाते. स्कूटरवाल्यांचं मनावर घेऊ नका, २०१७ पासून त्यांच्या नव्या गाड्यांची लाईट दिवसभर चालूच असते, सवय म्हणून हात करतात 😄

अजनीचे_काका
मी तर म्हणतो कमी करूच नका. भर दुपारी दोन मिनिटं लाईट लागली तर तुमचं काय बिघडलं, एलईडी असेल तर बॅटरीला पण कळत नाही. धोका उलट बाजूने आहे. सेन्सर वरचा उजेड मोजते, समोर किती दिसते ते नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी समृद्धीवर किंवा जबलपूर रोडला धुकं असलं की आभाळ पांढरंफेक असते, सेन्सरला वाटते झकास उजेड आहे आणि तो लाईट लावतच नाही. समोरचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे, चालू असतात म्हणून ड्रायव्हरला वाटते सगळं चालू आहे, पण बहुतेक गाड्यांत डीआरएलसोबत मागचे दिवे लागत नाहीत. मागून ट्रकवाला येऊन राहिला, त्याला तुम्ही दिसणार कसे? आपल्या मोटार वाहन नियमांत १५५ मीटर पुढचं स्पष्ट दिसेल अशी लाईट सांगितली आहे, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तर आहेच पण उजेड कमी असेल तेव्हा कधीही. धुक्यात आणि जोराच्या पावसात लाईटची दांडी हाताने फिरवायची, ऑटोवर विसंबायचं नाही. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर संध्याकाळी पण लाईट उशिराच लागेल, ते वेगळं.

नट_बोल्ट_नागपूर
काकांचं धुक्याचं शंभर टक्के खरं आहे. पण एक पायरी कमी केली म्हणून संध्याकाळी फार फरक पडत नाही, अंधार पडायला लागला की उजेड भराभर उतरते. खामलावाले भाऊ, सर्व्हिसिंगला जाल तेव्हा जॉब कार्डवर लिहून घ्या, ऑटो लाईट सेन्सिटिव्हिटी एक स्टेप कमी. तोंडी सांगितलं तर गाडी धुऊन परत देतील. आणि आत्ता किती पायरीवर आहे ते पण लिहून मागा, पटलं नाही तर परत तिथंच आणता येते.

खामला_टू_मिहान
स्क्रीन डेवर टाकली, मॅप आता पुलाखाली पण मस्त दिसते. सेन्सिटिव्हिटीचं सर्व्हिसिंगला पाहतो. काका, दांडी फिरवायचं पटलं, पुढच्या महिन्यात शेगावला सकाळी लवकर निघायचंच आहे.