पट्टीवरचं ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’: गोळीतल्या बाकीच्या घटकांची नावं छापावीत का?

कॉम्प्रेशनवाला_बोईसर

घरातली कुठलीही गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. औषधाचं नाव मिलिग्रॅमसकट असतं, रंगाचं नाव असतं, आणि बाकी सगळ्यासाठी बहुतेक वेळा दोनच शब्द: एक्सिपियंट्स क्यू.एस., म्हणजे लागेल तेवढे. त्या ‘लागेल तेवढ्या’त माझी बावीस वर्षं गेली, म्हणून हा धागा.

गोळ्या बनवायच्या मशिनवर पावडर डायमध्ये, म्हणजे साच्यात पडते, दोन पंच, म्हणजे दांडे, तिला दाबतात आणि खालचा पंच गोळी वर ढकलतो. वंगण नसेल तर गोळी डायच्या भिंतीला धरून बसते. पंचाला थर चिकटतो, गोळीवरचं कोरीव अक्षर उचकटून येतं. म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, साधारण अर्धा ते एक टक्का. ते चाळून सगळ्यात शेवटी टाकायचं आणि ब्लेंडर दोन ते पाच मिनिटं फिरवायचा. जास्त फिरला की त्याचा मेणचट थर दाण्यादाण्यावर पसरतो. मग दाणे एकमेकांना धरत नाहीत, गोळी मऊ पडते. पाणीही आत शिरत नाही, त्यामुळे औषध उशिरा सुटतं. औषधाचं प्रमाण तंतोतंत आणि डिझोल्युशनमध्ये, म्हणजे गोळीतून औषध वेळेत सुटतं का या चाचणीत, बॅच नापास, हे मी स्वतः पाहिलंय. कारण एकच, ब्लेंडर वेळेवर थांबवला नव्हता.

अशा पदार्थाला ‘निष्क्रिय’ म्हणणं मला पटत नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिटच्या आजारावरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये नुसता भरणीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. औषध तेच, मात्रा तीच. पण रक्तात ते जास्त उतरू लागलं आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसली. माझं मत सरळ आहे: प्रत्येक घटकाचं नाव छापा.

मेडिकलवाली_मिरज

दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण एक दिवस माझ्या काउंटरवर उभे राहा. मागच्या महिन्यात एक आजोबा बीपीची गोळी बंद करून आले. मोबाईलवर निरोप आला होता, ‘मॅग्नेशियम स्टिअरेट म्हणजे साबण, आतड्याला थर बसतो.’ मी कागदावर हिशोब मांडला. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत अर्धा टक्का म्हणजे ३ मिलिग्रॅम. आजोबा, तुम्ही पोळीवर चमचाभर तूप घेता, त्यात स्टिअरिक आम्ल, ज्यापासून स्टिअरेट बनतं ते, शेकडो मिलिग्रॅम असतं. तेव्हा कुठे त्यांनी गोळी घेतली, आणि तेही मी पंधरा मिनिटं दिली म्हणून. उद्या प्रत्येक पट्टीवर दहा रासायनिक नावं आली, तर गावोगाव कोण समजावणार? न समजलेलं नाव माणसाला औषधापासून तोडतं. माझा विरोध आहे.

कॉम्प्रेशनवाला_बोईसर

ताई, त्या आजोबांसाठी तुम्ही केलंत ते फार मोलाचं. पण तो निरोप पसरला तेव्हा पट्टीवर नाव नव्हतंच. आपण बोललो नाही, ती जागा अफवेनं घेतली.

क्यूसी_लॅब

मी या धाग्याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि कारण भीतीचं नाही. नावातून कळतं काय? ‘मॅग्नेशियम स्टिअरेट’ दोन पुरवठादारांकडून मागवा, दोघांची प्रमाणपत्रं चोख असतील. तरी कणांचा आकार आणि पृष्ठफळ वेगळं निघतं, आणि तोच वेळ फिरवूनही गोळी वेगळी वागते. साहेब, तुम्हालाही हे माहीत आहे. तुमची ती नापास बॅच छापील नावानं पकडली नसती, डिझोल्युशननं पकडली.

आणि १९८६ चं जे. जे. रुग्णालय आठवा. ग्लिसरीन म्हणून जे दिलं गेलं त्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. १४ रुग्ण गेले, पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. नाव तर ग्लिसरीनच होतं ना? तिथे गरज होती येणारा माल तपासण्याची. सगळा जोर छपाईवर लावला की लोकांना वाटतं प्रश्न सुटला, आणि प्रयोगशाळेत माणसं कमीच राहतात.

सीलिअकची_आई

तुम्ही सगळे जाणकार आहात. मी फक्त माझं सांगते. माझ्या मुलीला सीलिअक आहे, गव्हाचा कण चालत नाही. गोळीत स्टार्च असतो, बांधायला किंवा पोटात फुटायला. तो बहुतेक वेळा मक्याचा असतो हे डॉक्टरांनी सांगितलं, पण ‘बहुतेक’वर मी तिला गोळी कशी देऊ? एका कंपनीला मेल केली तर नवव्या दिवशी उत्तर आलं. तोवर ताप उतरून गेला होता. युरोपात औषधाबरोबरच्या पत्रकात सगळी नावं असतात. मला टक्केवारी नको, कुणाचं गुपित नको. स्टार्च कशाचा, एवढंच हवं.

शाकाहारी_बारामती

आमच्या घरीही हाच प्रश्न, वेगळ्या कारणानं. स्टिअरेट वनस्पती तेलापासूनही होतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. आजी विचारते, उत्तर देता येत नाही.

क्यूसी_लॅब

सीलिअकच्या ताई, तुमच्यासमोर माझा मुद्दा अपुरा पडतो, हे मान्य करतो. ऍलर्जी आणि उगम, एवढी माहिती छापायला माझी हरकत नाही. मात्र ‘सगळी नावं’ याला माझा विरोध कायम आहे.

मेडिकलवाली_मिरज

पट्टीवर नको, पण कोड स्कॅन केला की मराठीत यादी दिसावी आणि प्रत्येक नावापुढे ते कशासाठी घातलंय हे एका ओळीत असावं. असं असेल तर मी आजोबांनाही दाखवीन.

कॉम्प्रेशनवाला_बोईसर

ही ओळ मला आवडली, ताई. ‘मॅग्नेशियम स्टिअरेट: गोळी साच्याला चिकटू नये म्हणून.’ क्यूसी साहेब, तपासणीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तरीही मी ‘सगळी नावं’च म्हणेन, कारण उद्या कुणाला कशाचा त्रास होईल हे आपण आज ठरवू शकत नाही.

सीलिअकच्या ताई, तोवर एक करा. मेलमध्ये नुसतं ‘ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आहे का’ विचारू नका. पट्टीवरचा बॅच नंबर द्या आणि विचारा: स्टार्च, प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च आणि सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, यांतलं काय वापरलंय आणि प्रत्येक कशापासून बनलंय, बटाटा, मका की गहू? असा नेमका प्रश्न थेट क्वालिटीच्या माणसाच्या टेबलावर जातो. मजकूर मी लिहून देतो, इथेच टाकतो रात्री.