सहा महिन्यांचं घर, फी मात्र लॉजसारखी?

तापीकाठ
काल ‘जंक्शनवाला’ यांनी या फोरमवर लिहिलं की बदलीवर नाहीतर दवाखान्याच्या कामाला आलेल्या माणसाने फर्निश्ड घर सरळ भाड्याच्या घरांच्या ॲपवरून घ्यावं, सर्व्हिस फी म्हणजे निवांत झोपेची किंमत, उगाच रडू नये. ते ‘रडू नये’ वाचलं आणि झोप उडाली, म्हणून लिहितोय.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मागच्या वर्षी पुण्याहून जळगावला सहा महिने येऊन राहिलो. महाबळला टूबीएचके, भाडं १८,०००. ॲपची फी १४ टक्के, म्हणजे २,५२०. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, ४५३ रुपये ६० पैसे. दर महिन्याला! सहा महिन्यांचे झाले १७,८४२. म्हणजे राहिलो सहा महिने आणि भाडं भरलं जवळजवळ सातांचं.

पहिल्या महिन्याचं मला पटतं. घर दाखवलं, मालकाची ओळख तपासली, पैसे मध्ये धरून ठेवले. दुसऱ्या महिन्यापासून ॲपने नेमकं काय केलं? बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा मालक स्वतः पाना आणि वॉशर घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ, लुंगी खोचून खाली बसले. ॲपवाल्यांनी तेव्हा मला ‘तुमचा अनुभव कसा होता’ विचारलं.

जंक्शनवाला
तुम्हाला मालक देवमाणूस भेटला म्हणून ॲप फुकटखाऊ ठरत नाही. माझं भुसावळला घर आहे, दीपनगरच्या वीज केंद्राच्या कामावर येणाऱ्या इंजिनिअरांना देतो. ॲपच्या आधी एजंटमार्फत एक दिला होता. चार महिने भाडं थकवलं, फोन उचलेना, शेवटी एका रविवारी चावी शेजारी ठेवून पसार. गॅसची शेगडी गेली, गाद्या गेल्या, कूलरची बॉडी ठेवली आणि आतला पंप काढून नेला. पंप! तीन-चारशेची वस्तू. आता महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात येतात. माझ्याकडून ३ टक्के कापतात, कापोत.

आणि दलाल काय धर्मादाय आहेत? मुलासाठी पुण्यात घर घेतलं तर एक महिन्याचं भाडं दलाली. ११ महिन्यांनी त्याच घरात, त्याच मालकाकडे करार पुढे चालवला, तर एजंट पुन्हा अर्ध्या महिन्याचे मागायला हजर. त्याच्यावर लिहा की कधी.

तापीकाठ
३ टक्के तुमचे, १४ माझे. कापोत म्हणायला तुमचं काय जातं?

मुद्रांकवाला
दस्तलेखकाच्या दुकानात बसतो, म्हणून मध्ये तोंड घालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ‘११ महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही’ हे आपल्याकडे अजून ऐकतो, ते चूक. ॲपवरचं बुकिंग म्हणजे नोंदणी नव्हे.

तापीकाठ यांच्या घराच्या नोंदणीचा हिशोब करून बघितला. डिपॉझिट दोन महिन्यांचं धरलं तर भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी व्याज मिळून ०.२५ टक्के मुद्रांक, तो तीनशेच्या आत. नोंदणी फी शहरात हजार. दोन्ही मिळून तेराशेच्या आसपास, वर किरकोळ खर्च आणि ऑपरेटर घेईल ते. आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागते. जंक्शनवाले, तुमच्या त्या माणसाचा करार नोंदवला होता का?

जंक्शनवाला
स्टॅम्पपेपरवर केला होता.

मुद्रांकवाला
म्हणजे नाही.

जंक्शनवाला
माझे वडील ७८ वर्षांचे, घर त्यांच्या नावावर. अंगठ्याच्या मशीनवर पाऊण तास बसवलं होतं एकदा, रेषा झिजल्यात म्हणून मशीन घेईना. तुमचे तेराशे ठीक आहेत, पण तो पाऊण तास कोण मोजणार? पंपचोराला शोधायला तुमचं कलम २४ जाणार होतं का?

धुळेकरीण
पंपाचं निघालंच आहे तर एक विचारते. कूलर ‘फर्निश्ड’ मध्ये येतो की नाही? मी एप्रिलमध्ये जळगावात घर घेतलं, ॲपवरूनच. फोटोत कूलर झकास. प्रत्यक्षात तिन्ही बाजूंचं गवत कुजून काळं पडलेलं, टाकीला गंज, पाणी भरलं की फरशीवर लाल थेंब. मालकीणबाई म्हणतात कूलर दिला आहे, गवत भाडेकरूने टाकायचं. ॲपला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘वस्तू यादीप्रमाणे उपलब्ध आहे’. ४५ डिग्रीत!

कळण्याची_भाकरी
गवत भाडेकरूचंच. सीझनला एकदा बदलायचं असतं, ती काय मालमत्ता आहे?

धुळेकरीण
मग गादीवरची चादरही माझी, बल्बही माझा. फर्निश्ड म्हणून तीन हजार जास्त कशाचे घेतले?

जंक्शनवाला
पहिलं गवत मालकाने टाकून द्यावं, पुढचं भाडेकरूने. मी तसंच करतो.

कळण्याची_भाकरी
आणि पाणी? दोन दिवसांआड नळ, कूलर दुपारी तीन बादल्या पितो. भाडेकरू दिवसरात्र चालवतात आणि टाकी रिकामी झाली की रात्री अकराला मालकाला फोन. माझ्या वरच्या मजल्यावरच्या पोराने मोटर लावून ठेवली आणि सिनेमाला गेला. जिना धुऊन निघाला, खालच्या गव्हाच्या पोत्यांपर्यंत पाणी. त्याला काही बोललं तर रिव्ह्यूत लिहितो ‘मालक ढवळाढवळ करतात’.

धुळेकरीण
आरे भो, तू काय सांगी ऱ्हायना? पाण्याचं आम्हाला शिकवू नका, धुळ्यात मोठी झाले मी. एक हंडा कसा पुरवायचा ते जळगावकरांपेक्षा जास्त कळतं.

कळण्याची_भाकरी
मग एक हंड्यात कूलर चालवून दाखवा.

तापीकाठ
मंडळी, धागा फीचा आहे.

धुळेकरीण
फीचंच सांगतेय. कुजलेल्या गवताचं भांडण सोडवायचं नसेल तर १४ टक्के कशाचे? आणि कूलर बाजूला ठेवून एसीवर राहा म्हणाल तर विजेचं बिल वेगळं, ते ‘भाड्यात नाही’.

मुद्रांकवाला
एक गोष्ट ॲपच्या बाजूनेही सांगायला हवी. एअरबीएनबी या घरांच्या ॲपने २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या पुढच्या मुक्कामाला चौथ्या महिन्यापासून पाहुण्याची फी कमी केली. म्हणजे लांबच्या मुक्कामाला तोच दर बरा दिसत नाही, हे त्यांनाही कळलंय.

जंक्शनवाला
ठीक आहे, मान्य. चौथ्या महिन्यापासून पूर्ण फी घेऊ नये. झालं समाधान? पण पहिले तीन महिने घ्यावीच. माणूस कसा आहे ते तीन महिन्यांतच कळतं, माझा पंपवालासुद्धा दुसऱ्या महिन्यापासूनच टाळाटाळ करायला लागला होता.

तापीकाठ
पहिला महिना, जंक्शनवाले. फार तर दीड. आणि टक्के नकोत, ठरीव रक्कम. १८ हजारांच्या घराची ओळख तपासायला नऊ हजारांच्या घरापेक्षा दुप्पट मेहनत पडते का? तरी एक कबूल करतो, आईच्या ऑपरेशनची तारीख आठ दिवस पुढे गेली तेव्हा ॲपवर बटण दाबून मुक्काम वाढवला, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. त्या आठ दिवसांची फी वेगळी लागली, तो भाग सोडा.

कळण्याची_भाकरी
बघा, आलेच वळणावर.

तापीकाठ
वळणावर नाही आलो, खरं बोललो. तुम्ही गव्हाची पोती जिन्याखाली ठेवता ती आधी उचला.

धुळेकरीण
तापीकाठ, ते महाबळचं घर सध्या रिकामं आहे का? मेच्या आत बदलायचं म्हणते. मालकांचा नंबर असेल तर सरळ बोलते, ॲप कशाला मध्ये.

तापीकाठ
रिकामं आहे, परवाच बोलणं झालं. पण काका म्हणाले, ‘ओळखीतून नको रे, ॲपवरूनच पाठव, पैशाचं बोलायला मला लाज वाटते.’ कूलर चालू आहे. गवत त्यांनीच टाकलंय.