मदत हवी आहे: इन्सुलिन घेणाऱ्या बाबांना थीम पार्कला न्यायचंय, बाहेरच्या खाण्याचं कसं जमवायचं?

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिले नाहीत तर उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधत बसावं लागेल, म्हणून सगळंच सांगते.

पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण चार दिवसांसाठी एका मोठ्या थीम पार्कला जातोय. आई-बाबा, मी, नवरा आणि दोन मुलगे, वय ९ आणि ६. बाबा ६८ वर्षांचे. टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून आहे, शेवटची चार वर्षं इन्सुलिनवर. ३०/७० चं मिश्र इन्सुलिन, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास आणि रात्री जेवणाआधी अर्धा तास. जोडीला मेटफॉर्मिनची गोळी. पायाची बोटं थोडी बधिर झालीत. घरी सगळं वेळच्या वेळी होतं, त्यामुळे साखर बरीच आटोक्यात असते. घराबाहेर पडलं की घडी विस्कटते.

मागच्या वर्षी अशाच एका सहलीत बाबांनी हॉटेलच्या खोलीत इन्सुलिन टोचून घेतलं आणि आम्ही खाली नाश्त्याला गेलो. तिथे ही रांग. पाऊण तास गेला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, कारण आपल्यापायी सगळ्यांची धावपळ नको असं त्यांना वाटत होतं. माझं लक्ष गेलं तेव्हा शर्टाची पाठ घामाने ओली झाली होती आणि धाकटा विचारत होता एक, बाबा सांगत होते भलतंच. मोजली तर साखर ५८. मुलांसाठी घेतलेला फळांचा रस पर्समध्ये होता म्हणून निभावलं.

त्यानंतरचे दोन दिवस बाबा बाकावर बसून आमच्या बॅगा सांभाळत राहिले. आता ही सहल ठरल्यावर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरा." मोठा नातू आजोबांशिवाय जायला तयार नाही, आणि मीही नाही. त्यांनी बाकावर बसावं म्हणून मला त्यांना न्यायचं नाहीये.

डॉक्टरांना भेटून आलो. इतक्या वर्षांत मला नीट न कळलेली एक गोष्ट त्यांनी समजावली. मिश्र इन्सुलिनमधला मोठा भाग सावकाश काम करणारा असतो. सकाळी टोचलेल्या डोसाचा जोर दुपारी चांगलाच असतो. म्हणजे दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन सकाळीच शरीरात गेलेलं असतं, ते मागे घेता येत नाही. जेवण लांबलं की साखर उतरणार, आणि त्यात दिवसभराचं चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि हा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. त्या चार दिवसांसाठी डोस किती कमी करायचा ते डॉक्टर लिहून देणार आहेत, त्यामुळे डोसाबद्दल मी इथे विचारत नाहीये.

अडतंय ते रोजच्या व्यवहारात. दुपारी फूड कोर्टला तुडुंब गर्दी असते, तिथे वेळ कशी पाळायची? पिझ्झा, बर्गर, फ्राइज, नूडल्स असंच मिळत असेल तर त्यातलं काय निवडावं? बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत असं पार्कच्या नियमात लिहिलंय, मग साखर लो झाली तर लागणारा खाऊ कसा न्यायचा? उन्हात इन्सुलिन कसं सांभाळता? राइडवर जाताना बॅग बाहेर ठेवायला लावतात, तेव्हा काय करता? जे स्वतः यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला टाइप १ आहे. आम्ही तीनदा अशा पार्कला जाऊन आलोय, म्हणून लिहिते.

पार्कला आधी ईमेल करा. मधुमेहाचा रुग्ण आहे, इन्सुलिन, सुया आणि खाणं जवळ ठेवावं लागतं, एवढंच लिहा. बाहेरचं खाणं न चालणाऱ्या ठिकाणीही वैद्यकीय गरजेला बहुधा सूट मिळते. आलेल्या उत्तराची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्रवेशद्वारावर हाताशी असू द्या. आम्हाला तिन्ही वेळा आत सोडलं.

नाश्ता खोलीतच करा. आदल्या दिवशी आणून ठेवलेलं काहीही चालेल, पण खाणं समोर दिसल्याशिवाय सुई उघडायची नाही. आमच्या घरात हा पहिला नियम आहे. बाबांचं इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायचं असतं, म्हणून तर खाणं ताब्यात असणं जास्तच महत्त्वाचं. जेवायला बसताना घेता येतं असं मिश्र इन्सुलिनही मिळतं, ते बाबांना चालेल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. मात्र बदलायचं असेल तर सहलीच्या बरंच आधी बदला, पार्कात जाऊन नवा प्रयोग नको.

दुपारचं जेवण साडेअकरा-पावणेबाराला. त्या वेळी फूड कोर्ट रिकामं असतं आणि राइडच्या रांगा भरलेल्या असतात. एक जण पुढे जाऊन जेवण मागवतो, बाकीचे मागून येतात. आधी जेवणाची वेळ ठरते, मग राइड. आम्ही पहिल्या सहलीत उलटं केलं आणि तिची साखर दोनदा लो झाली.

इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी मिळते, बर्फ लागत नाही. बर्फाला चिकटून इन्सुलिनचं पेन ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं साधारणपणे ३० अंशांखाली चालतं, पण किती दिवस ते प्रत्येक प्रकारात वेगळं असतं, खोक्यातला कागद वाचा. बंद गाडीत किंवा उन्हातल्या लॉकरमध्ये कधीच ठेवू नका. विमानाने जात असाल तर हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

बॅग बाहेर राहिली तरी ग्लुकोजच्या गोळ्या बाबांच्या स्वतःच्या खिशात हव्यात, तुमच्या पर्समध्ये नव्हे. चेन असलेला खिसा बघा.

प्रतिसाद २

मी तुमच्या बाबांच्याच वयाचा. २० वर्षं मधुमेह आहे. ते रांगेत गप्प का राहिले हे मला अगदी आतून कळलं. घाम येतोय, हात थरथरतायत हे आपल्याला समजत असतं, पण नातवंडांचा आनंद आपल्यामुळे मोडतोय ही भावना त्याहून मोठी वाटते. शिवाय साखर खाली गेली की विचारशक्तीच मंदावते. "अजून थोडं थांबू" हे आपण म्हणत नसतो, उतरलेली साखर म्हणत असते. म्हणून बोलायची जबाबदारी एकट्या त्यांच्यावर टाकू नका. आमच्याकडे नातीच्या घड्याळात दर दोन तासांनी गजर लावतो. गजर झाला की ती म्हणते, "आजोबा, बोट!" आणि मी साखर मोजायला बोट पुढे करतो. कुणी कुणाला विचारत नाही, त्यामुळे कुणाला अवघडल्यासारखंही होत नाही.

गोल फिरणाऱ्या राइडनंतर चक्कर, घाम, धडधड होते आणि साखर लो झाल्यावरही तेच होतं. अंदाज करू नका, मोजा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड नीट जाणवेलच असं नाही, घाम तेवढा येतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर साखर लो झाल्यावर साधी साखर किंवा गोड पदार्थ लवकर लागू पडत नाहीत, ग्लुकोजच लागतं. औषधांची चिठ्ठी एकदा तपासा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर मोठ्या हिसक्याच्या राइडआधी ती करून घ्या.

आणि पाय! बोटं बधिर आहेत म्हणालात, म्हणून कळकळीने सांगतो. बूट नवे नकोत, पायाला सवय झालेलेच हवेत. मोज्यांचा एक जोड बदलायला घ्या. पाण्याच्या भागात अनवाणी चालू देऊ नका, तापलेल्या फरशीने पाय भाजला तरी कळत नाही. मला कळलं नव्हतं. रात्री मोजे काढल्यावर फोड दिसला आणि तो भरायला सात आठवडे लागले. रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा तुम्ही स्वतः बघा.

प्रतिसाद ३

चार दिवसांनी काय एवढं बिघडतं? खाऊ द्या त्यांना मनासारखं. तेवढंच सुख.

प्रतिसाद ४

मी आहारतज्ज्ञ आहे. वरच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. एका जेवणानंतर साखर २२० झाली तर ती हळूहळू खाली आणता येते. ५० झाली तर मात्र हातात काही मिनिटंच असतात. त्यामुळे सहलीत पहिलं लक्ष साखर फार उतरू न देण्याकडे. पण इन्सुलिनवरच्या माणसाला "काहीही खा" म्हणणं धोक्याचं आहे, कारण काय आणि किती खाल्लं यावरच सगळा हिशोब असतो.

फूड कोर्टात पदार्थ कोणता यापेक्षा किती आणि कशासोबत, हे बघा. बर्गर चालेल, पण त्याबरोबरचे फ्राइज सगळ्यांत वाटून घ्या आणि कोल्ड्रिंकऐवजी पाणी. ३५५ मिलीच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये जवळपास ३९ ग्रॅम साखर असते. सॅलड, अंडं, चिकन, पनीर असं आधी खाल्लं आणि ब्रेड किंवा नूडल्स शेवटी, तर साखर सावकाश चढते. सॅलडवरचं ड्रेसिंग वेगळं मागा. पिझ्झातल्या चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं, दोन तासांनी साखर छान दिसते आणि चार-पाच तासांनी वर जाते. त्यामुळे पिझ्झा खायचाच तर दुपारी खा, रात्री नको. "शुगर फ्री" लिहिलेल्या मिठायांत माल्टिटॉलसारखे गोडी आणणारे पदार्थ असतात, थोडी साखर त्यांनीही वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. रांगेत उभं राहून पोट बिघडलेलं कुणालाच नको असतं.

तहान लागायची वाट न बघता पाणी पाजत राहा. अंगातलं पाणी कमी झालं की साखर वाढते.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. गोळ्या बहुतेक ४ ग्रॅमच्या असतात, म्हणजे चार गोळ्या, किंवा अर्धा कप फळांचा रस. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. आकडा सावरल्यावर पुढचं जेवण तासाभरापेक्षा लांब असेल तर बिस्किटं, सँडविच असं काही खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

मोजण्याआधी हात पाण्याने धुवायला विसरू नका. फळ किंवा आइस्क्रीम हाताला लागलेलं असेल तर मीटर खोटा जास्त आकडा दाखवतो. मीटरच्या पट्ट्यांची डबीही उन्हापासून आणि ओलीपासून जपा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसरा प्रतिसाद त्यांनी परत वाचायला लावला, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आज सकाळी स्वतः जाऊन चेनच्या खिशाची पँट घेऊन आले. थोरल्याने गजर लावायचं काम मागून घेतलंय. पार्कला ईमेल केलाय. इन्सुलिन बदलण्याबद्दल सोमवारी डॉक्टरांना विचारणार आहे. बाबा बीटा ब्लॉकर घेतात हे मला औषधांची चिठ्ठी बघितल्यावर कळलं, त्याबद्दलही विचारेन.

बाबांनी एक प्रश्न विचारायला सांगितलाय: नातवाबरोबर आइस्क्रीम खायचं असेल तर दिवसात कधी खावं?

प्रतिसाद ४

दुपारच्या जेवणाला लागूनच, आणि त्या जेवणातला ब्रेड किंवा नूडल्स तेवढे कमी करून. साध्या व्हॅनिलाच्या अर्ध्या कपात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. कोन नको, कप घ्या. खाऊन झालं की लगेच राइडच्या रांगेत उभे राहू नका, दोघांनी पंधरा मिनिटं चालून या. दोन तासांनी गजर वाजेलच.